मालकी नको, गाडी हवी: दिव्यांगांसाठी इलेक्ट्रिक कारच्या लीजचा हिशोब

लीजवरची गाडी वापरणाऱ्याची असते, पण त्याच्या मालकीची नसते. कंपनी ती विकत घेते, तीन ते पाच वर्षांसाठी ठरलेल्या मासिक रकमेवर देते आणि मुदत संपली की परत नेते. मासिक रकमेत गाडीच्या किमतीतली घट, गुंतलेल्या पैशावरचे व्याज आणि कंपनीचा नफा धरलेला असतो. विमा आणि सर्व्हिसिंगही बहुधा त्यातच येते. नोकरदारांसाठी हा व्यवहार भारतात जुना आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी मात्र त्याची किंमत वेगळ्या काट्यावर तोलावी लागते, कारण तिच्या दृष्टीने गाडी म्हणजे घराबाहेर पडण्याचे साधन. ते साधन एक दिवस बंद पडले तर त्या दिवशीचे कामही बुडते.

या विचारावर उभी राहिलेली सर्वांत मोठी योजना ब्रिटनमधली ‘मोटॅबिलिटी’. ती १९७७ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या पहिल्या गाड्या रस्त्यावर आल्या. तिथे चालण्या-फिरण्यात गंभीर अडचण असलेल्या व्यक्तीला सरकारकडून आठवड्याला भत्ता मिळतो. २०२५-२६ मध्ये तो ७७.०५ पौंड, म्हणजे वर्षाला सुमारे चार हजार पौंड होता. हा भत्ता हातात घेण्याऐवजी लीजकडे वळवला की तीन वर्षांसाठी नवी कोरी गाडी मिळते. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि रस्त्यात बंद पडल्यास मदत हे सगळे त्यातच येते. गाडी महाग असेल तर सुरुवातीला वरची रक्कम भरावी लागते आणि ती परत मिळत नाही. इलेक्ट्रिक गाडी घेतली तर घरी चार्जर बसवण्याचीही सोय होते. आठ लाखांहून अधिक लोक ही योजना वापरतात. वरच्या रकमेवरची करसवलत जुलै २०२६ पासून काढून घेण्याचा निर्णय तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केला. म्हणजे तिथेही खर्चाचा वाद मिटलेला नाही. तरी योजनेचा गाभा स्पष्ट आहे: गाडीची किंमत किती पडेल, बॅटरी किती टिकेल, दुरुस्तीला किती लागेल, ही सगळी जोखीम योजना उचलते.

भारतात अशी योजना नाही. म्हणून शहाडसारख्या ठिकाणचा हिशोब वेगळ्या वाटेने करावा लागतो. कल्याणनंतरचे, कसारा मार्गावरचे हे स्टेशन. एका बाजूला उल्हासनगर, दुसऱ्या बाजूला मोहोने-आटाळीची वस्ती, आणि मधून जाणारा कल्याण-मुरबाड-नगर रस्ता. इथून ठाण्याला कामाला जाणाऱ्या अस्थिव्यंग असलेल्या प्रवाशाला लोकलमध्ये राखीव डबा आहे, पासावर निम्मी सवलत आहे, आणि पैशांच्या हिशोबात रेल्वेला तोड नाही. पण अडचण डब्याच्या आधी आणि नंतर असते. घरापासून स्टेशन, स्टेशनचा पूल, फलाट आणि डबा यांमधली फट, उतरल्यावर रिक्षाची रांग. कुबड्या किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्याला ही साखळी रोज दोनदा पार करायची असते. त्यातली एकही कडी तुटली तर पुढचा प्रवास खुंटतो. गाडीचे मोल इथे आहे.

इलेक्ट्रिक गाडीने या बाबतीत एक मोठे काम कोणतीही योजना नसताना केले आहे: तिला क्लचच नसतो. पोलिओने डावा पाय कमजोर झालेल्या माणसाला गिअरची गाडी चालवता येत नाही, ती केवळ क्लचमुळे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर ‘एएमटी’ आले आणि स्वस्त गाड्यांत क्लचशिवाय चालवण्याची सोय झाली, पण त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागत. इलेक्ट्रिक गाडीत सर्वांत खालच्या मॉडेललाही दोनच पेडल असतात. डावा पाय अधू असेल तर अशी गाडी बहुधा कोणताही बदल न करता चालवता येते. उजवा पाय अधू असेल तर ॲक्सिलरेटर डावीकडे घ्यावा लागतो. दोन्ही पाय चालत नसतील तर हँड कंट्रोल बसवतात. स्टिअरिंगखाली एक दांडा येतो, तो दोन पेडलांना जोडलेला असतो. एका दिशेने ढकलला की ब्रेक लागतो, दुसरीकडे ओढला किंवा फिरवला की वेग वाढतो. एक हात सतत दांड्यावर गुंतल्याने स्टिअरिंगवर धरायला गोल मूठ लावतात. पेट्रोलच्या गिअरगाडीत याच दांड्याबरोबर क्लचचीही व्यवस्था करावी लागे, आणि खर्च व बिघाड दोन्ही तिथेच वाढत.

दुसरा फायदा डिकीत दिसतो. कल्याण-डोंबिवली पट्ट्यात स्वस्त प्रवासासाठी लोकांचा ओढा सीएनजीकडे असतो, पण नेहमीच्या सीएनजी गाडीत डिकी टाकीनेच भरते. घडी घातलेली व्हीलचेअर मग मागच्या सीटवर आडवी टाकावी लागते आणि घरच्या एका माणसाची जागा जाते. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी तळाशी असते, त्यामुळे डिकी मोकळी राहते. तरी छोट्या गाड्यांत चाचणी घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. एमजी कॉमेटला बाजूचे दोनच, पण रुंद दरवाजे आहेत. पुढच्या सीटवर सरकून बसायला ते सोयीचे पडतात. मात्र मागची सीट दुमडल्याशिवाय तिच्यात खुर्ची मावत नाही. शोरूममध्ये जाताना स्वतःची व्हीलचेअर बरोबर न्यावी, सीटची उंची खुर्चीच्या उंचीशी जुळते का ते बसून पाहावे. माहितीपत्रकातल्या लिटरच्या आकड्यांवरून हे कळत नाही.

आता पैसा. शहाड ते ठाणे जाऊन-येऊन साधारण ५० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,२५० किलोमीटर. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये आहे असे धरले तर महिन्याला सुमारे ८,७०० रुपये जातात. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला ७ किलोमीटर गेली तर १८० युनिटे लागतात. महावितरणच्या घरगुती मीटरवर शंभर युनिटांनंतर दर चढतो, म्हणून सरासरी १२ रुपये धरले तरी खर्च २,१०० च्या आसपास राहतो. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला २० रुपये मोजले तर तो ३,६०० होतो. म्हणजे घरी चार्जिंग जमले तर महिन्याला साडेसहा हजारांची बचत होते, आणि ती लीजच्या हप्त्याचा मोठा भाग उचलते. महिन्याला तीनशे-चारशे किलोमीटरच फिरणाऱ्याला ही बचत दीड-दोन हजारांवर येते. त्याच्यासाठी पैशाच्या बाजूने लीज फारशी बसत नाही.

पुरी लीज नको असेल तर अर्धी लीजही आता मिळते. एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटरी भाड्याने देण्याची पद्धत सुरू केली. तेव्हा कॉमेटची किंमत ६.९९ लाख होती. बॅटरीशिवाय ती ४.९९ लाख झाली आणि बॅटरीसाठी किलोमीटरला अडीच रुपये ठरले. वाचलेले दोन लाख अडीच रुपयांच्या हिशोबाने ८०,००० किलोमीटरला संपतात. शहाड-ठाणे रोज करणाऱ्याला ते अंतर कापायला पाच वर्षे चार महिने लागतील. त्याहून जास्त काळ गाडी ठेवायची असेल तर बॅटरी विकत घेतलेलीच बरी, विशेषतः बॅटरीवर सहसा आठ वर्षांची वॉरंटी मिळते तेव्हा. तुलनेसाठी, सात लाखांच्या कर्जाचा साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १४,७०० रुपये बसतो. लीज कंपनीचा आकडा या हप्त्यात विमा, सर्व्हिसिंग आणि टायरचा खर्च मिळवून मगच ताडून पाहावा. नुसता हप्त्याशी ताडला तर लीज उगाच महाग वाटते.

सरकारी सवलतींची बाजू इथे निराशा करते. अस्थिव्यंग ४० टक्के किंवा अधिक असलेल्यांना छोट्या गाडीवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी आणि सेसमाफी अशी सवलत होती. त्यासाठी केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाचे प्रमाणपत्र घ्यावे लागे आणि पाच वर्षे गाडी न विकण्याचे बंधन असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच आकाराच्या गाड्यांवर सर्वांनाच १८ टक्के कर लागू झाला, आणि दिव्यांगांसाठीचा फरक संपला. इलेक्ट्रिक गाडीवर तर १ ऑगस्ट २०१९ पासून सरसकट ५ टक्केच आहे. राज्यात खासगी पेट्रोल गाडीवर किमतीच्या ११ टक्क्यांपासून पुढे मोटार वाहन कर लागतो. इलेक्ट्रिक कारला २०२५ च्या धोरणाने तो माफ आहे. अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची टोलमाफीही त्याच धोरणातली. हे सगळे चांगलेच, पण ते प्रत्येक खरेदीदाराला मिळते. दिव्यांग म्हणून जो जादा खर्च येतो, म्हणजे हँड कंट्रोल, सीटमधला बदल, सोबतीचा माणूस, त्याच्यासाठी यात काही नाही. शिवाय जीएसटीची जुनी सवलत खरेदीदारालाच होती. गाडी नुसती वापरणारा तिच्या हिशोबात कधी नव्हताच, आणि ही उणीव धोरण आखणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यायला हवी.

लीजच्या गाडीत बदल करणे ही स्वतंत्र अडचण आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी बदल केलेल्या गाडीला मोटार वाहन कायद्यात वेगळी ओळख आहे आणि असा बदल आरटीओच्या मंजुरीने करता येतो. शहाडकरांसाठी ते कार्यालय कल्याणचे, एमएच-०५. पण गाडी दुसऱ्याच्या मालकीची असेल तर त्याची लेखी संमती हवी, आणि परत देताना गाडी मूळ रूपात आणण्याचा खर्च कोणी करायचा हे करारातच ठरायला हवे. बदल आरसी बुकावर नोंदवला नाही तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. उलट नोंद असेल तर फायदा आहे: २००२ च्या मोटार टॅरिफने अशा गाड्यांना ओन डॅमेज हप्त्यावर ५० टक्के सूट दिली होती. ती देता का, हे विमा कंपनीला विचारून घ्यावे. थर्ड पार्टी हप्ता इलेक्ट्रिक कारला तसाही १५ टक्के कमी आहे.

महाराष्ट्रात दिव्यांग आणि इलेक्ट्रिक वाहन यांची सरकारी गाठ पडली ती फिरत्या दुकानात. राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाने बॅटरीवर चालणारी, मागे दुकान असलेली वाहने मोफत देण्याची योजना राबवली. ४० टक्के अपंगत्व, यूडीआयडी कार्ड आणि अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न या तिच्या अटी. ज्यांना स्वतः चालवता येत नाही त्यांनी सोबत्याकडून वाहन चालवून घ्यावे, ही त्यातली समंजस तरतूद. पण ही मदत धंद्यासाठी आहे. कानपूरच्या ‘अलिम्को’ची बॅटरीवरची तीनचाकी केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून मिळते, ती गल्लीपुरती उपयोगी. शहाड पुलावरून ठाण्याकडे पावसात तिने जाता येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये, स्वतः कमावणाऱ्या आणि रोज लांब जाणाऱ्या दिव्यांग माणसासाठी जागा रिकामी आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांना उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा असतो. त्यातून गाडी नव्हे, पण हँड कंट्रोलचा आणि घरच्या चार्जरचा खर्च उचलता येण्यासारखा आहे.

करारावर सही करण्याआधी मुदतपूर्व परतीचे कलम वाचावे. दिव्यांग व्यक्तीची तब्येत पाच वर्षांत बदलू शकते, वाहन चालवणे थांबवावे लागू शकते, नोकरी घरून करायची वेळ येऊ शकते. बहुतेक करारांत मध्येच गाडी परत केली तर उरलेल्या हप्त्यांचा काही भाग दंड म्हणून भरावा लागतो. वैद्यकीय कारणासाठी हा दंड माफ करण्याची अट लेखी मागावी. वर्षाची किलोमीटर मर्यादा किती आणि त्यापुढे किती आकार, गाडी दुरुस्तीला गेली तर बदललेली पर्यायी गाडी मिळणार की साधी, सोसायटीत बसवलेला चार्जर मुदतीनंतर कोणाचा, हेही विचारून ठेवावे. साधी पर्यायी गाडी हँड कंट्रोल वापरणाऱ्याला चालवताच येत नाही. त्यामुळे दुरुस्तीच्या दिवसांचे टॅक्सीभाडे देण्याचे कलम करारात असेल तर लीजचा हप्ता थोडा जास्त पडला तरी तोच करार निवडावा.