नाण्यांचे प्रदर्शन मांडताना

मुंबईतील पवईसारख्या वस्तीत लोकशिक्षणार्थ नाण्यांचे प्रदर्शन भरवावयाचे झाल्यास, संख्येचा हव्यास सोडून मोजकीच नाणी, पण दोन्ही बाजू दिसतील अशा बेताने आरशावर मांडावीत, हे मला अगत्याचे वाटते. कारण शिवाजी महाराजांच्या शिवराई या तांब्याच्या नाण्याच्या एका अंगावर ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्यावर ‘छत्रपति’ अशी अक्षरे असल्यामुळे, एकच बाजू पाहणाऱ्यास मजकूर अर्धाच वाचावयास मिळतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या, क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का उठविला होता. असे एखादे नाणे मांडल्यास, नहपानाच्या मुखावर चढलेले सातकर्णीचे चैत्यचिन्ह भिंगातून पाहताच सत्तांतराचा अस्सल दस्तऐवजच मुलांच्या दृष्टीस पडेल. संयोजकांनी प्रदर्शनापूर्वी फोर्टातील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय अवश्य पाहावे. नाणी घासून चकचकीत मात्र करू नयेत; त्याने अक्षरे झिजतात.