घाटाचे राखणदार

शिरपूरहून सेंधव्याकडे निघालं की पळासनेर मागे पडतं आणि बिजासनचा घाट लागतो. माझे वडील ट्रकवर ड्रायव्हर होते. बिजासन देवीच्या वळणावर गाडी हळू करून ते खिडकीतून एक नाणं टाकायचे. "कोणाला दिलं?" असं विचारलं की म्हणायचे, "घाटाला." पुढे खानदेशचा इतिहास वाचताना समजलं, की इथे पैसे मोजून पुढे जायची रीत ट्रकच्या कितीतरी आधीची आहे.

लमाणांचे तांडे, व्यापारी, यात्रेकरू यांनी भिल्ल नाईकांना वाटेचा हक्क द्यायचा आणि नाईकांनी त्यांना सुखरूप पलीकडे सोडायचं, असा तो व्यवहार. हक्क थकला की खालची गावं लुटली जात. 1818 मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला तेव्हा दुष्काळ आणि फौजांच्या लुटीनं मुलूख ओसाड पडला होता, आणि सातपुड्यातून धाडी येतच होत्या. सरकारनं पलटणी पाठवल्या, डोंगरात जाणारं धान्य अडवलं. एक नाईक धरला की दुसरा उभा राही. जंगलातल्या तापानं शिपाईच आजारी पडत.

मग 1825 मध्ये धाडी घालणाऱ्यांनाच पगारावर घेऊन त्यांची भिल्ल पलटण उभारायचं ठरलं. हे काम जेम्स आउट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटवर आलं. सुरुवातीला त्याला मिळाले अवघे नऊ जण. बाकीचे का येईनात? भरतीच्या नावानं गोळा करून मारतील, ही भीती. ती उगाच नव्हती. 1804 च्या सुमारास पेशव्यांचे सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यांनी कोपरगावला भिल्लांना बोलणीसाठी बोलावलं आणि दग्यानं पकडून विहिरींत टाकलं होतं. इंग्रजांच्या नावानं खडे फोडताना आपण हे पान सहसा उलटून पुढे जातो.

आउट्रमनं त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, त्यांच्यातच वावरला. पलटण मालेगावला गेली तेव्हा त्याच्या मूळ पलटणीतल्या शिपायांनी या भिल्लांना हिणवलं नाही, आपलेपणानं पानसुपारी दिली. मला वाटतं, पगारापेक्षा ही पानसुपारी जास्त कामी आली. धरणगावला पलटणीचं ठाणं झालं आणि धाडी पुष्कळ कमी झाल्या.

सेंधव्याच्या, म्हणजे या बिजासनच्याच, घाटाची राखण मात्र खाज्या नाईकाकडे होती. त्याचा बापही तेच काम करायचा. वर्षानुवर्षं त्यानं हा रस्ता सांभाळला. मग त्याच्या ताब्यातला एक माणूस दगावला. नाईकाची नोकरी गेली, तुरुंगवास झाला. 1857 ची गडबड उडाली तेव्हा सरकारला पुन्हा त्याचीच आठवण झाली आणि त्याला परत कामावर घेतलं. काही महिन्यांत तो उलटला. नोव्हेंबरात इंदूर-मुंबई रस्त्यानं चाललेला 7 लाखांचा खजिना त्यानं याच मुलखात लुटला. कुठली वळणं आंधळी, कुठे बैल दम खातात, हे त्याला सरकारी चाकरीतच पाठ झालेलं असणार.

11 एप्रिल 1858 ला आंबापाणीच्या डोंगरात कंपनीची फौज त्याच्यावर चालून गेली. तिच्यात भिल्ल पलटणीचेही शिपाई होते. लढाईनंतर पकडलेल्या कित्येकांना गोळ्या घातल्या, बायकांना कैद केलं. खाज्या निसटला, 1860 मध्ये विश्वासातल्या माणसानंच त्याला मारलं. धरणगावची पलटण त्यानंतर तीसेक वर्षं टिकली. 1891 मध्ये तिचे शिपाई पोलिसांत गेले.