हळद आणि मेंदूचें रक्षण

सांगली, हिंगोली आदि भागांतील हळद पिकविणाऱ्या बंधूंच्या कानीं अलीकडे वारंवार येतें कीं, हळद अर्धांगवायूवर रामबाण आहे. ह्या म्हणण्यांत तथ्य किती, हें उत्पादकांनींच प्रथम समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

मेंदूचें वजन शरीराच्या शेंकडा २. परंतु शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें शेंकडा २० तो एकटाच घेतो. रक्तवाहिनींत गुठळी अडकली, म्हणजे पुढील पेशी कांहीं मिनिटांतच मरूं लागतात. रक्त पुन्हा वाहूं लागल्यावरही प्राणवायूपासून उत्पन्न होणारीं दाहक द्रव्यें आणि सूज यांमुळें आणखी पेशी नष्ट होतात. हळदीस पिवळा रंग देणारें कुर्क्युमिन ह्या दोहोंस आळा घालतें. उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा कांहीं काळ बंद करून केलेल्या प्रयोगांत ह्या द्रव्यानें हानि कमी झाल्याचें आढळलें आहे.

येथवर गोष्ट खरी. परंतु वाळलेल्या हळदींत कुर्क्युमिन सामान्यतः शेंकडा २ ते ५ च असतें. तें पाण्यांत विरघळत नाहीं आणि आंतड्यांतून रक्तांत फारच थोडें उतरतें. मिऱ्यांतील पायपेरिन सोबत दिल्यास तें रक्तांत सुमारें वीसपट अधिक उतरतें, असें १९९८ सालीं बंगळूरच्या संशोधकांनीं दाखविलें. तथापि मूळ प्रमाणच अत्यल्प. माणसाच्या अर्धांगावर तें गुणकारी असल्याचें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं.

यास्तव तोंड वांकडें होणें, हात लुळा पडणें, बोबडी वळणें यांपैकीं कांहींही अकस्मात् दिसल्यास हळदीचें दूध पाजीत बसूं नये. गिळण्याची शक्ति गेली असल्यास तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें, आणि तेंही तपासणीनंतरच.

उत्पादकांचें कर्तव्य निराळेंच आहे. हळकुंडास चकाकी यावी म्हणून कोठें कोठें लेड क्रोमेट नांवाचा शिसेयुक्त पिवळा रंग चोळतात. शिसें मुलांच्या मेंदूस कायमची इजा करतें. मेंदूचें रक्षण करणारें म्हणून जें पीक वाखाणलें जातें, त्याच्यावरच असें विष चढविणें हें मोठें पाप होय. हळद नीट शिजवावी, कडकडीत वाळवावी, आणि रंगाविनाच बाजारांत न्यावी. भाव थोडा कमी आला तरी चालेल.