बेटकुळी दिसते, राबतो दुसराच : कोपराविषयीचे पाच गैरसमज

उज्जैनमध्ये मल्लखांबाचे वेड जुने आहे. मध्य प्रदेशाने २०१३ साली या खेळाला राज्य क्रीडेचा दर्जा दिला आणि २०२० मध्ये उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभा केलेला हा खेळ शरीराचा सगळा भार वारंवार हातांवर टाकतो. तो भार पेलणाऱ्या कोपराविषयी मात्र खेळाडूंच्या घरांतही बरेच चुकीचे समज असतात.

गैरसमज १ : कोपर म्हणजे बिजागरीसारखा एकच सांधा.
वस्तुस्थिती : एकाच आवरणात इथे तीन सांधे आहेत. दंडाचे हाड करंगळीच्या बाजूच्या अल्ना हाडाशी आणि अंगठ्याच्या बाजूच्या रेडियस हाडाशी जुळते. तिसरा सांधा अल्ना आणि रेडियस यांच्यातला. पहिल्या दोन सांध्यांमुळे हात वाकतो व सरळ होतो. तळहात पालथा-उताणा करताना रेडियस अल्नाभोवती फिरते, म्हणजे ही हालचाल एकट्या मनगटाची नव्हे. रेडियसचे डोके एका कड्यासारख्या अस्थिबंधात अडकवलेले असते. लहान मुलांमध्ये ते त्यातून निसटू शकते, म्हणून महाकालाच्या गर्दीत मुलाला एका हाताने हिसका देऊन ओढू नये.

गैरसमज २ : हात वाकवते ती बेटकुळी.
वस्तुस्थिती : बेटकुळी, म्हणजे बायसेप्स, मदत करते, पण वाकवण्याचा मुख्य भार तिच्याखाली दडलेल्या ब्रॅकिअ‍ॅलिस स्नायूवर असतो. तो अल्नाला जोडलेला असल्याने तळहात कसाही असला तरी सारख्याच जोराने ओढतो. बायसेप्स रेडियसला जोडलेली असते. त्यामुळे तळहात उताणा असताना तिचा जोर जास्त आणि पालथा असताना कमी. उजव्या हाताने स्क्रू आवळतानाही तीच कामाला येते. दोरीच्या मल्लखांबात अंगठा वर ठेवून दोरी धरली, की ब्रॅकिओरेडियलिस हा तिसरा स्नायू चांगली साथ देतो.

गैरसमज ३ : दंड भरदार होतो तो बेटकुळीमुळे.
वस्तुस्थिती : दंडाचा सर्वांत मोठा स्नायू मागे असतो, तो ट्रायसेप्स. त्याची तीन मुळे एकत्र येऊन कोपराच्या टोकाशी जुळतात आणि हात सरळ करतात. हातांवर उलटे उभे राहिल्यावर कोपर मुडपू न देणारा हाच. नुसती बेटकुळी फुगवणारा खेळाडू तोलाच्या कसरतीत कमी पडतो.

गैरसमज ४ : कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात त्या हाडातून.
वस्तुस्थिती : कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यामागून अल्नर नस जवळजवळ कातडीलगत जाते. मार तिला बसतो, म्हणून करंगळी आणि शेजारच्या बोटापर्यंत मुंग्या येतात. मुंग्या टिकून राहिल्या किंवा पकड सैल पडू लागली तर डॉक्टरांना दाखवावे.

गैरसमज ५ : मुका मार असो वा मोडलेले हाड, तेल लावून जोरात चोळले की कोपर मोकळे होते.
वस्तुस्थिती : हा समज सर्वांत घातक. दुखापतीनंतर जोराने चोळले किंवा सांधा बळेच वाकवला, तर दुखावलेल्या स्नायूत हाड तयार होऊ शकते आणि हात कायमचा आखडू शकतो. त्याला बहुधा बळी पडतो तो तोच दडलेला ब्रॅकिअ‍ॅलिस. मल्लखांबाला चोपडायचे एरंडेल खांबापुरतेच ठेवावे. पडल्यावर कोपर सुजले, वाकडे दिसले किंवा सरळ होईना, तर हात आहे त्या स्थितीत आधार देऊन झोळीत ठेवावा आणि एक्स-रे काढून घ्यावा. पुढे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने खेळाडूने स्वतःच्या ताकदीने, दुखेल त्याच्या अलीकडे थांबत हात हलवावा. कोपर लवकर आखडते, म्हणून महिनोन्‌महिने बांधून ठेवणेही तितकेच चूक.