न संपणारं रूट कॅनल

लोणी काळभोरला आम्ही तिघी एका रूमवर राहतो. त्यातली एक एकाआड एक शनिवारी हडपसरची पीएमपी पकडायची. कुठे चाललीस विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘डेंटिस्टकडे.’ सहा महिने झाले तरी रूट कॅनल संपेना. ‘तुला दात आहेत तरी किती गं?’ यावर आम्ही पोट धरून हसलोही होतो.

एका सबमिशनच्या रात्री तिची पर्स टेबलावरून पडली आणि गोळ्यांची स्ट्रिप माझ्या पायाशी आली. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. सायकियाट्रिस्टची. ती रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, ‘सांगणार होते तुम्हाला. पण तू कँटीनमध्ये त्या मुलीला म्हणालीस ना, हिला येरवड्याला भरती करा म्हणून. मग राहूनच गेलं.’

मला ती मुलगी आठवेना. वाक्य मात्र माझंच होतं. दिवसातून दोनदा तरी म्हणायचे.

पुण्यात ‘येरवडा’ म्हणजे एक तर जेल, नाहीतर ‘वेड्यांचं हॉस्पिटल’. माझी मुंबईची मैत्रीण याच जागी ‘ठाणे’ म्हणते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यातल्या एकट्या येरवड्यात २,५४० खाटा आहेत. तिथे माणसं बरी होतात. अडचण पुढे येते: बऱ्या झालेल्या कित्येकांना न्यायला घरून कुणी येतच नाही. शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहावं लागलं, की केवळ घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. आपल्या विनोदाच्या दुसऱ्या टोकाला ही माणसं बसलेली असतात, हे मला माहीतच नव्हतं. मास कॉमची डिग्री घेऊनही, बरं का!

गंमत म्हणजे आमच्या रूमपासून थेऊर जवळ. तिथल्या चिंतामणीची गोष्ट ठाऊक असेलच. ब्रह्मदेवाचं चंचल मन स्थिर व्हावं म्हणून त्यानं तिथे तप केलं, अशी कथा. परीक्षेआधी आमची अर्धी बॅच तिथे जाऊन येते, स्टेटसही टाकते. देवापुढे मन थाऱ्यावर नाही म्हणायला कुणाला लाज वाटत नाही. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की मात्र दात दुखायला लागतात.

आणि कुणी धीर करून सांगितलंच, तर आपण काय करतो? सल्ले देतो. ‘पॉझिटिव्ह राहा’, ‘योगा कर’, ‘टेन्शन काय, सगळ्यांनाच असतं यार.’ डेंग्यू झालेल्या मित्राला आपण ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणत नाही. रिपोर्ट आणायला त्याच्यासोबत जातो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ पाहिलाय? २०१७ मध्ये त्याला सुवर्णकमळ मिळालं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका मुलाला जानकी कोकणातल्या आपल्या घरी आणते. ती स्वतः डिप्रेशनमधून गेलेली. म्हणूनच असेल, पण ‘काय झालं ते सांग’ असा तगादा ती लावत नाही. त्याला राहू देते, खाऊ घालते, थांबते. आम्ही तिघींनी तो लॅपटॉपवर पाहिला. संपल्यावर मी बावळटासारखं विचारलं, ‘आम्ही काय करायला हवं होतं?’

‘काही नाही गं. गोळीनं सकाळी जाग येत नाही. पहिल्या लेक्चरला उठवत जा, आळशी म्हणू नका. आणि त्या शनिवारी मेसचा डबा संपवू नका, मला यायला उशीर होतो.’

बास, एवढंच. मी उगाच मोठ्या भाषणाच्या तयारीत होते.

(रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर सेव्ह करून ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं.)

हा लेख तिनं आधी वाचलाय. दोन वाक्यं खोडली आणि नाव नको म्हणाली. गेल्या शनिवारी ती निघाली, तेव्हा तिसरीनं सवयीनं विचारलं, ‘डेंटिस्ट?’

‘नाही, सायकियाट्रिस्ट. येताना वडापाव आणू?’

‘दोन आण.’

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. जिना उतरता उतरता ती सांगत होती, ‘हो गं आई, दातच. अजून दोन सिटिंग आहेत म्हणाले.’