खिडकीवरील अतिक्रमण

नव्या सदनिकेचा ताबा मिळाला, किल्ल्या हाती आल्या, वास्तुशांत यथासांग पार पडली, की मध्यमवर्गीय गृहस्थाच्या दारी जी पहिली स्वारी येते ती सुताराची आणि गृहसजावटकाराची. आणि ही मंडळी एकदा मापे घेऊ लागली म्हणजे भिंतीमागून भिंत कपाटांनी भरते, छताखाली प्लास्टरचे दुसरे छत लटकते, खिडकीच्या डोईवर माळा येतो, पुढ्यात जाड कापडाचे दुहेरी पडदे येतात, गॅलरी सरकत्या काचांनी बंदिस्त होऊन हॉलमध्ये विलीन होते, आणि लक्षावधी रुपये खर्चून सिद्ध झालेल्या त्या नेटक्या वास्तूत भर दुपारी दिवा लावल्यावाचून वर्तमानपत्र वाचता येत नाही. सजावटीचा हा सारा व्यवहार बेरजेचा आहे. उजेड, स्वच्छ हवा आणि स्वास्थ्य या तीन गोष्टी मात्र बहुतांशी वजाबाकीने मिळतात, आणि वजाबाकीवर कोणालाही दलाली सुटत नसल्यामुळे ती सुचवणारा मनुष्य सहसा भेटत नाही.

घरातील उजेडाची चिंता सरकारने वाहावी, ही कल्पना मुंबईत एका महामारीने रुजवली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या दाट वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगास या गोमंतकीय वैद्यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले, आणि पुढील काही महिन्यांत निम्मे शहर ओस पडू लागले असता सरकारी अंमलदार घरोघर शिरून अंधाऱ्या व कोंदट खोल्यांवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ असे शिक्के मारू लागले. कारण रोगाचे मूळ अंधारात व ओलीत आहे, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. याच आपत्तीतून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गंमत अशी की, त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने प्लेग पसरतो तो उंदरांवरील पिसवांमुळे, असे दाखवून दिले. निदान चुकले, परंतु औषध भलत्याच रोगावर का होईना, लागू पडणारे होते. ट्रस्टने पुढे इमारतींसाठी जो प्रकाशकोनाचा नियम घालून दिला तो असा, की तळमजल्यावरील खोलीच्या बाह्य भिंतीच्या पायथ्यापासून समोरील इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा कल्पिली, तर तिचा चढ ६३.५ अंशांहून अधिक असू नये. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर दोहोंच्या मध्ये मोकळे हवे. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींतून हिंडताना आजही जो मोकळेपणा जाणवतो, त्याच्या मुळाशी ट्रस्टची ही भूमिती आहे.

त्यानंतर शंभर वर्षांनी त्याच शहरात मानखुर्द-गोवंडीकडे लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारीख कंपाउंड यांसारख्या पुनर्वसन वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत दोन इमारतींमधले अंतर अवघे ३ मीटरांच्या आसपास ठेवण्यात आले. आणि ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था व आय.आय.टी. मुंबई यांच्या अभ्यासकांनी तेथील क्षयरोगाचा संबंध सूर्यप्रकाशाच्या व वायुवीजनाच्या अभावाशी जोडून दाखवला. अशा खोलीत राहणाऱ्यास गृहसजावटीचा उपदेश करणे हा उद्धटपणा होईल; त्याचे गाऱ्हाणे नकाशा मंजूर करणाऱ्या कचेरीत नेले पाहिजे. हा लेख आहे तो ज्यांच्या वाट्याला खिडकी आली आहे आणि तरीही ज्यांनी ती स्वहस्ते बुजवली आहे, अशांसाठी.

या विषयावर लिहिताना वाड्यांचे गोडवे गाण्याचा एक शिरस्ताच पडून गेला आहे. वाड्याचा चौक आकाशातून उजेड आणीत असे, तापलेली हवा त्याच वाटेने वर निघून जाई; कोकणातील जांभ्याच्या घराला पडवी सावली देई आणि कौलांतून बसवलेले एखादे काचेचे कौल स्वयंपाकघरात उजेड पाडी; गोव्यात शिंपल्यांची पातळ, अर्धपारदर्शक कवचे खिडक्यांच्या चौकटीत बसवून ऊन सौम्य करून घेत असत; मराठवाड्यातील माळवदाच्या घराच्या जाड मातीच्या भिंती वैशाखाचे ऊन संध्याकाळपर्यंत थोपवून धरीत. हे सर्व खरे आहे. परंतु त्याच वाड्यात माजघर नावाचा एक कायमचा अंधार होता, धुराने काळवंडलेले स्वयंपाकघर होते, आणि बाळंतिणीची खोली तर उजेड-वारा यांना मनाई करूनच सजवली जात असे; चौकातला उजेड पुरुषांच्या ओसरीवर पडे आणि बायकांच्या वाट्याला देवळीतल्या पणतीचा प्रकाश येई. तेव्हा जुन्याकडून घ्यावयाचे ते तत्त्व घ्यावे, हळहळ घेऊ नये.

तत्त्वाची सुरुवात खिडकीच्या मापापासून होते. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत उष्ण व दमट हवामानासाठी खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या किमान एक षष्ठांश असावे, आणि उष्ण व कोरड्या प्रदेशात एक दशांश, अशी तरतूद आहे. आता १० फूट बाय १२ फूट अशी खोली घेतली तर तिला २० चौरस फुटांची खिडकी हवी. ५ फूट बाय ४ फूट एवढी खिडकी दिली की कागदावर हिशेब पुरा होतो. परंतु ही खिडकी दोन सरकत्या काचांची असेल, आणि हल्ली ती बहुधा तशीच असते, तर एक काच दुसरीच्या मागे सरकवून फार तर १० चौरस फूट मोकळे होतात, म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने निम्मी खिडकी बिल्डरने परत घेतलेली असते. जुन्या झडपांची खिडकी संपूर्ण उघडत असे. जेथे खिडक्या बदलण्याचा योग येईल तेथे कब्ज्यांवर उघडणारी झडप मागावी; सरकत्या काचेहून ती थोडी महाग पडली, तरी सजावटीच्या एकंदर खर्चात ही रक्कम फारशी जाणवणार नाही.

उजेडाचा दुसरा हिशेब खिडकीच्या उंचीचा आहे. खिडकीचा माथा जमिनीपासून जेवढा उंच, त्याच्या दीडपट ते अडीचपट अंतरापर्यंत दिवसाचा उपयुक्त प्रकाश खोलीत पोचतो, असा वास्तुविशारदांचा ठोकताळा आहे. याचाच अर्थ, खोलीच्या शेवटच्या कोपऱ्याला उजेड देण्याचे काम खिडकीचा वरचा भाग करीत असतो. आणि नेमका तोच भाग आपण पेलमेटने, पडद्याच्या झालरीने आणि खाली उतरवलेल्या फॉल्स सीलिंगने झाकून टाकतो. माथा एका फुटाने खाली आला की उजेड दीड ते अडीच फूट मागे हटलाच म्हणून समजावे. पडद्याची दांडी चौकटीच्या वर आणि दोन्ही अंगांना फूटभर पुढे नेऊन लावली, तर पडदा बाजूला केल्यावर तो भिंतीवर विसावतो आणि सारी तावदाने मोकळी होतात. या फेरफारास दोन नव्या खिळ्यांपलीकडे काही लागत नाही. छत पांढरे ठेवावे. खिडकीला लागून येणाऱ्या भिंती फिक्या रंगाच्या असाव्यात, कारण उजेड प्रथम त्यांच्यावर आपटून मग आत शिरतो. उंच कपाट खिडकीच्या भिंतीला लावावे अथवा थेट समोरच्या भिंतीला, पण उजेडाच्या वाटेत आडवे उभे करू नये.

वारा मात्र नुसत्या खिडकीने येत नाही. त्याला निघून जाण्यास वाट ठेवल्याखेरीज तो आत येण्याचे मनावरच घेत नाही. एकच खिडकी असलेल्या खोलीचे दार बंद केले की वारा खिडकीशी घुटमळतो. म्हणून जुन्या चाळींत दारांवर गजांची झरोकेवजा खिडकी असे, जी रात्री दार लावल्यावरही उघडी राही. वातानुकूलन आले, गार हवा दवडू नये म्हणून ही झडप सिमेंटने बुजवण्यात आली, आणि खोलीचे फुप्फुस गेले. दारावर अशी झडप पुन्हा ठेवून घेता येते, किंवा दाराच्या फळीत तिरप्या पट्ट्या बसवता येतात. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या कंबाला टेकडीवर ‘कांचनजंगा’ ही उंच इमारत बांधली तेव्हा तिची घरे पूर्व-पश्चिम अशी आरपार ठेवून समुद्राकडील वाऱ्याला वाट करून दिली, आणि ऊन-पावसापासून बचाव व्हावा म्हणून कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या गच्च्या कोरल्या. जुन्या बंगल्याचा व्हरांडा त्यांनी आकाशात नेला. ते श्रीमंतांचे घर खरे, पण घराला दोन तोंडे ठेवण्याचा त्यातला विचार दोन खोल्यांच्या बिऱ्हाडालाही परवडतो.

आणि गॅलरी? ती खोलीत घेतल्याने शंभरभर चौरस फुटांचा इजाफा झाल्याचे समाधान मिळते. परंतु जी भिंत पूर्वी सावलीत होती ती जाऊन तेथे तापणारी काच आली, पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवण्याची जी सोय होती ती गेली, आणि कपडे वाळत घालण्यासाठी दिवाणखान्याखेरीज जागा उरली नाही, याचा जमाखर्च कोणी मांडीत नाही. मला विचाराल तर गॅलरी बंदिस्त करणे हा मध्यमवर्गाने स्वतःशी केलेला सर्वांत तोट्याचा सौदा आहे.

उन्हाचे शास्त्र थोडे समजून घेतले तर पडद्यांवरील खर्च वाचतो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, आणि डिसेंबरात तो दक्षिणेकडे सुमारे ४७ अंशांपर्यंत उतरतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला की उन्हाळ्यात ऊन आत येत नाही आणि थंडीत ते खिडकीच्या खालच्या निम्म्या भागातून आपोआप घरात उतरते. पश्चिमेचे ऊन या शिस्तीत बसत नाही. एप्रिलच्या दुपारी चार वाजता ते छज्ज्याखालून थेट आत घुसते, त्याला अडवायचे तर आडोसा उभाच हवा, आणि तो काचेच्या बाहेर हवा, कारण काचेतून एकदा आत आलेली उष्णता आतला पडदा परत पाठवू शकत नाही. बांबूच्या चिकाचा पडदा, जाळी किंवा वेल गॅलरीच्या बाहेरच्या कडेला सोडावा. विदर्भात वाळ्याच्या ताट्या भिजवून जो गारवा मिळतो, तो तेथील हवा कोरडी म्हणून मिळतो. तोच प्रयोग मुंबईत केला तर फक्त दमटपणा वाढेल. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीला पांढरा लेप द्यावा. आतल्या थंडाव्याच्या कोणत्याही उपायाआधी हा करून पाहण्यासारखा आहे.

हवेच्या शुद्धतेविषयी तर गैरसमजांचा बाजार भरलेला आहे. खोलीत चार कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते, ही समजूत १९८९ साली अमेरिकेच्या ‘नासा’ने बंदिस्त पेटीत केलेल्या प्रयोगांवरून पसरली, पुढे २०१९ साली ड्रेक्सेल विद्यापीठातील दोघा संशोधकांनी अशा साऱ्या प्रयोगांचा फेरहिशेब करून सांगितले, की खिडक्यांवाटे साध्या घरात जी हवा बदलते तिची बरोबरी करण्यास दर चौरस मीटरला १० पासून १,००० पर्यंत झाडे लागतील. झाडे डोळ्यांसाठी जरूर ठेवावीत. हवेसाठी आधी घरातला धूर पाहावा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांची एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांएवढे भरले. दारे-खिडक्या लावून पाळण्याखाली ती पेटवणाऱ्या आजीला हे कोणीतरी अदबीने सांगावयास हवे. डासांचा बंदोबस्त खिडकीच्या जाळीने आणि मच्छरदाणीने करावा. उदबत्ती आणि धूप यांचाही धूर तो धूरच, देवापुढे निवांत लावावी, खिडकी उघडून लावावी. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर व गॅसच्या ज्योतीचा वायू बाहेर टाकणारा पंखा अत्यावश्यक आहे. चिमणी घ्यावयाची तर तिची नळी भिंतीतून बाहेर गेली पाहिजे, जी चिमणी हवा गाळून पुन्हा ओट्यावरच सोडते ती बहुतेक दिखाऊ समजावी.

स्प्लिट पद्धतीचे वातानुकूलन यंत्र बाहेरची हवा आत आणीत नाही, खोलीतलीच हवा फिरवून थंड करते. हवा शुद्धीकरणाचे यंत्र कण अडवते, पण निजलेल्या माणसांच्या श्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइड कमी करीत नाही. सकाळी उठल्यावर डोके जड होण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. नवे प्लायवूड व पार्टिकल बोर्ड यांतील डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा वायू महिनोन् महिने पाझरत राहतो, यास्तव नवे फर्निचर झाल्यावर लगेच राहावयास जाण्याची घाई करू नये, आणि मुलांच्या खोलीत तर ते जितके कमी तितके बरे. हिवाळ्यात मात्र एक सावधगिरी बाळगावी: भल्या पहाटे थंड हवेचा थर धूळ व धूर जमिनीलगत दाबून धरतो, तेव्हा रस्त्यालगतच्या घरांनी खिडक्या ऊन वर आल्यावर उघडाव्यात.

स्वास्थ्याच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात उरकता येतात. छताचा पंखा तापमान उतरवीत नाही, पण अंगावरचा घाम वाळवून दोन-तीन अंशांचा गारवा भासवतो, नव्या बी.एल.डी.सी. पंख्याला ३० वॅटच्या आसपास वीज पुरते, जुन्याला ७०-७५ लागत असे. रात्री निजण्याच्या खोलीत ६,५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा इस्पितळाची कळा आणतो. तेथे २,७०० ते ३,००० केल्विनचा पिवळसर दिवा घ्यावा, हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून कपाट दोन-चार बोटे दूर ठेवावे, म्हणजे मागे बुरशी धरणार नाही.

सजावटकाराशी करारनामा करावयाचा झाला, तर वाचकांनी त्यात इतर सर्व कलमांच्या आधी एक कलम आपल्या हस्ताक्षरात घालावे: काम पूर्ण झाल्यावर घरातील प्रत्येक खिडकी आज जेवढी उघडते तेवढीच उघडली पाहिजे आणि तिच्या माथ्यावर काहीही उतरता कामा नये, अन्यथा शेवटचा हप्ता मिळणार नाही. बाकीच्या कलमांत रंग, नक्षी आणि लाकूड यांविषयी काय लिहावयाचे ते ज्याने त्याने ठरवावे.