बाह्यरुग्ण भवन

बाह्यरुग्ण भवन : रुग्णालयात खाट न घेता तपासणी, सल्ला, औषधयोजना किंवा किरकोळ शस्त्रक्रिया यांसाठी येऊन त्याच दिवशी परत जाणाऱ्या रुग्णांकरिता बांधलेली वास्तू. मोठ्या रुग्णालयात तो एक विभाग असतो. शहराबाहेरील आरोग्यसंकुलात मात्र ती बहुधा स्वतंत्र इमारत असते. घरी न राहता येण्याइतके आजारी असलेले रुग्ण थोडे व चालत येणारे पुष्कळ, या साध्या वस्तुस्थितीमुळे संकुलातील सर्वाधिक वर्दळ याच वास्तूत होते.

लंडनमध्ये १७७० मध्ये जॉन लेट्सम यांच्या पुढाकाराने सुरू झालेला आल्डर्सगेट दवाखाना हा या प्रकारच्या संस्थांचा एक आरंभीचा नमुना होय. भारतात भोर समितीच्या अहवालानंतर (१९४६) ग्रामीण आरोग्यसेवेची आखणी झाली व १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगराळ किंवा आदिवासी प्रदेशात २०,००० लोकसंख्येस एक केंद्र, असे प्रमाण पुढे रूढ झाले.

वास्तूच्या आराखड्याचा आरंभ खोल्यांच्या यादीपासून न करता रांगेपासून करणे इष्ट असते. भारतीय लोक-आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीत सकाळी चार व दुपारी दोन अशा सहा तासांत प्रत्येक डॉक्टरने किमान ४० रुग्ण तपासावेत, अशी अपेक्षा आहे. म्हणजे सरासरीने प्रत्येकास नऊ मिनिटे मिळतात. परंतु रुग्ण सरासरीने येत नाहीत. रायगड जिल्ह्यातील काशीद (ता. मुरूड) या अलिबाग–मुरूड रस्त्यावरील किनारी गावाचे उदाहरण घेतल्यास, आसपासच्या वाड्यांतील माणसे एस. टी.च्या वेळा पाहूनच घराबाहेर पडणार. एका गाडीने ३० रुग्ण एकदम आले व प्रत्येकास सहा मिनिटे लागली, तर शेवटच्या रुग्णास सु. तीन तास थांबावे लागेल. प्रत्येकाबरोबर एक नातेवाईक धरल्यास आरंभी ६० माणसांची बसण्याची सोय लागते. तेव्हा प्रतीक्षागृहाचे आकारमान डॉक्टरांच्या संख्येइतकेच गाड्यांच्या वेळापत्रकावर ठरते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले, की आरंभी दोनच रुग्ण बोलावून पुढचे तपासणीच्या सरासरी कालावधीइतक्या अंतराने बोलावल्यास डॉक्टरचा वेळ फारसा वाया न जाता रुग्णांची ताटकळ पुष्कळ कमी होते. ठरलेली वेळ पाळता येण्याजोगे वाहन जेथे नाही, तेथे हा उपाय अपुरा पडतो आणि बसायला सावली व वारा देणे, एवढेच वास्तुकाराच्या हाती उरते.

वारा ही केवळ सुखसोयीची बाब नव्हे. खोकणारा क्षयरोगी व तान्हे मूल एकाच बाकावर बसतात, ही प्रतीक्षागृहातील खरी धोक्याची जागा होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शनानुसार नैसर्गिक वायुवीजन असलेल्या बाह्यरुग्ण विभागात दर रुग्णामागे सेकंदास ६० लिटर हवा खेळती असावी. पेरूतील लिमा शहरात झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंच छत व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या रुग्णालयांत हवा नव्या इमारतींपेक्षा पुष्कळ अधिक वेगाने बदलते, असे आढळले. कोकणातील घराची पडवी या दृष्टीने उत्तम प्रतीक्षागृह ठरते : तीन बाजूंनी उघडी, वर उतरते छप्पर, आणि बाहेर जाणाऱ्या-येणाऱ्यावर नजर. खोकल्याच्या रुग्णांसाठी तिचा वाऱ्याच्या उतरणीकडील भाग राखून ठेवता येतो. मात्र पावसाळ्यात नैर्ऋत्येकडील वाऱ्याबरोबर पाऊसही आत शिरतो. म्हणून त्या बाजूस रुंद वळचणी व झडपांची आवश्यकता असते.

खारी हवा सिमेंट काँक्रीटमधील सळ्या गंजविते. भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार किनारी वातावरणास उघड्या असलेल्या भागांत सळ्यांवर किमान ४५ मिमी. जाडीचे आच्छादन असावे लागते. भिंतींसाठी जांभा दगड जवळच मिळतो. ३ जून २०२० रोजीच्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात या जिल्ह्यातील असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले आणि पुष्कळ गावांचा वीजपुरवठा अनेक दिवस खंडित झाला. २° ते ८° से. तापमानात ठेवाव्या लागणाऱ्या लसींची खोली वाऱ्यास तोंड देणाऱ्या पक्क्या छपराखाली व जनित्राच्या जवळ का असावी, हे यावरून कळते.

तातडीच्या उपचारांची खोली प्रवेशद्वारास लागून, रांगेस न छेदता गाठता येईल अशी हवी. याच जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून विंचूदंशाचे रुग्ण पाहिले व प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. हे उपचार वेळेत सुरू होणे व नंतर रुग्णावर लक्ष ठेवणे, दोन्ही आवश्यक असते. किनाऱ्यावर बुडण्याच्या घटनाही घडतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. पूररेषा व ओल यांसाठी जोते ४५ सेंमी. उंच केल्यास १ : १२ उताराने ५·४ मी. लांबीचा उतरता मार्ग लागतो. तो आरंभीच आराखड्यात धरला नाही, तर नंतर कोठेतरी अडगळीत जोडला जातो, असा सर्वत्र अनुभव आहे.

वास्तूचा धाक ही गोष्ट आराखड्यात क्वचितच विचारात घेतली जाते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. मोठ्या इमारतीची व पांढऱ्या वस्त्रांतील डॉक्टर-परिचारिकांची भीती वाटते, कारण मृताला पांढऱ्या कापडात गुंडाळतात, असे तेथील आदिवासींनी सांगितले. नातेवाइकांना जवळ राहू दिले जात नाही, हीही तक्रार होती. त्यामुळे शोधग्राम येथील रुग्णालय आदिवासी पाड्याप्रमाणे झोपड्यांच्या रूपात बांधण्यात आले, नातेवाइकांना सोबत राहण्याची मुभा देण्यात आली आणि त्यास दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.